सरकारी आहे म्हणजे हो म्हणायचं?

२८ नोव्हेंबर २०२५ या तारखेचा एक आदेश केंद्राच्या दूरसंचार खात्याने मोबाईल कंपन्यांना पाठवला. भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच घातलेलं पाहिजे, फोन पहिल्यांदा चालू करताना ते समोर दिसलं पाहिजे, आणि त्याचं कुठलंही काम बंद पाडता किंवा अडवता येऊ नये. मुदत ९० दिवसांची. जे फोन आधीच दुकानांत पोचलेत त्यांच्यात सॉफ्टवेअर अपडेटमधून ते ढकलायचं. आपल्यासारख्यांना हे कळलं १ डिसेंबरला, बातम्यांतून. २ डिसेंबरला दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर काढून टाका की, सक्ती कुठे आहे? आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतल्याचं जाहीर झालं.

सगळं मिळून एक आठवडा. आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे कधी आलं आणि कधी गेलं ते कळलंही नसेल. कँटीनमध्ये मी विषय काढला तर एकजण म्हणाला, "गेलं ना आता? मग कशाला उकरून काढतेस?" उकरून काढते, कारण मला ते गेल्यासारखं वाटत नाही.

मी साहित्याची विद्यार्थिनी. कायद्यातलं मला फार कळत नाही, पण वाक्य वाचता येतं. 'बंद पाडता किंवा अडवता येऊ नये' आणि 'नको असेल तर काढून टाका' ही दोन वाक्यं एकाच ॲपबद्दल एकाच आठवड्यात सरकारकडून आली. त्यातलं एक लेखी होतं आणि दुसरं तोंडी. भाडेकरू आणि घरमालकात असं झालं तर कोर्ट कुठलं वाक्य धरेल ते सांगायला वकील व्हायला नको. मंत्री खोटं बोलले असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांच्या मनात खरंच तसं असेल. पण मनातलं कंपन्यांना लागू होत नाही, कागदावरचं होतं.

आता ॲपबद्दल. ते वाईट नाही, हे आधी मान्य करते. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटला असलेला पंधरा आकडी नंबर, देशभरातल्या नेटवर्कवर ब्लॉक करता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं निघाली आहेत ते बघता येतं. सेकंडहँड फोन घेताना तो चोरीचा नाही ना, हे तपासता येतं, आणि आपल्यातले किती जण सेकंडहँड फोनवर अभ्यास करतात ते मला वेगळं सांगायला नको. शिवाय ॲप मराठीतही आहे म्हणे. बेळगावात अर्ज मराठीत मिळावा म्हणून आपल्या माणसांच्या पिढ्या भांडत आल्या, आणि ॲप मात्र न मागता मराठीत!

पण गंमत बघा. ही सगळी कामं ॲपशिवायही होतात. संचार साथीची वेबसाईट २०२३ च्या मे महिन्यापासून आहे. ॲप आलं २०२५ च्या जानेवारीत. सेकंडहँड फोन तपासायचा तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की झालं. साध्या बटणाच्या फोनवरूनही होतं. म्हणजे चोरीचा फोन ओळखण्यासाठी प्रत्येकाच्या फोनमध्ये कॉलची यादी, मेसेज, कॅमेरा यांची परवानगी मागणारं ॲप बसवायची गरज नव्हती. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, याला कुणाचीच ना नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यातून जी कसोटी निघाली ती साधी आहे: सरकारला त्या हक्कात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार पाहिजे, हेतू योग्य पाहिजे, आणि उपाय दुखण्याच्या मानाने पाहिजे. इथे हेतू योग्य होता. गाडी अडते ती तिसऱ्या अटीवर. एसएमएसने होणाऱ्या कामासाठी काढता न येणारं ॲप, हे पाय मुरगळला म्हणून कमरेपर्यंत प्लास्टर घातल्यासारखं आहे.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. आरोग्य सेतू आठवतं का? तेव्हा आपण शाळेत होतो. एप्रिल २०२० मध्ये ते ॲप आलं तेव्हा ऐच्छिक होतं. १ मेच्या गृहमंत्रालयाच्या आदेशाने सरकारी आणि खासगी, सगळ्या नोकरदारांना ते सक्तीचं झालं. नोएडात तर फोनमध्ये ॲप नसणं हाच गुन्हा धरायचं पोलिसांनी जाहीर केलं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, ज्यांच्या समितीने सरकारसाठीच डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा केला होता, त्यांनी ही सक्ती साफ बेकायदेशीर असल्याचं म्हटलं. १७ मेच्या आदेशात भाषा नरमली. पुढे ऑक्टोबरमध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने, ॲप नाही म्हणून कुणाला सरकारी सेवा नाकारता येणार नाही, असा अंतरिम आदेश दिला. त्याच महिन्यात हे ॲप नेमकं कुणी बनवलं ते माहिती अधिकारात विचारलं तर सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवू लागली, आणि केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली.

आधी ऐच्छिक, मग सक्ती, मग आरडाओरडा, मग माघार. वळण तेच. फरक एवढाच की तेव्हा साथ होती, माणसं मरत होती, घाबरून चूक झाली असं म्हणायला जागा होती. या वेळी कारण सायबर फसवणुकीचं होतं.

त्याच कारणाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ते खोटं नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच २०२५ च्या मार्चमध्ये एका वृद्ध जोडप्याने 'डिजिटल अरेस्ट'च्या छळाला कंटाळून जीव दिला. आयुष्याची पुंजी गेली होती, पन्नास लाखांच्या वर. तेव्हा कॅम्पात कितीतरी दिवस लोक दुसरं काही बोलत नव्हते. ज्यांची मुलं दुबईत, लंडनमध्ये आहेत आणि जे घरात दोघंच राहतात, अशी घरं आपल्या ओळखीत किती आहेत ते मोजून बघा. म्हणून फसवणुकीविरुद्ध सरकारने काही करू नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण ही फसवणूक चालते कशी, ते नीट बघा. फोन येतो. पलीकडचा म्हणतो, मी दूरसंचार खात्यातून बोलतोय, तुमच्या नावावरच्या सिमवरून गुन्हा झालाय, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील. मग तो 'पोलिसांना' जोडून देतो. व्हिडिओवर खाकी कपडे, मागे अशोकस्तंभ, हातात शिक्का मारलेला कागद. म्हातारं माणूस थरथरायला लागतं. त्याने आयुष्यात कुणाचं दहा रुपयांचं कर्ज बुडवलेलं नसतं. तरी तो "हो साहेब" म्हणतो, दार लावून घेतो, मुलांना सांगत नाही, बँकेत जाऊन ठेव मोडतो.

का? लोभ म्हणून नाही. लॉटरीच्या फसवणुकीत लोभ असतो, इथे नाही. इथे भरवसा असतो, किंवा भीती, आणि सरकारच्या बाबतीत आपल्याकडे या दोन्हींत फार अंतर नाही. सरकार काय करू शकतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. सरकार काय करू शकत नाही, हे कुणी शिकवत नाही. व्हिडिओवरून अटक करता येत नाही, चौकशीसाठी पैसे 'सुरक्षित खात्यात' भरायला सांगता येत नाही, हे त्या माणसाला ठाऊक असतं तर फोन तिसऱ्या मिनिटाला कट झाला असता.

पंतप्रधानांनी स्वतः २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यातच नाही असं सांगितलं होतं. थांबा, विचार करा, मग कृती करा, असा तीन पायऱ्यांचा सल्लाही दिला होता. मला तो सल्ला मनापासून आवडला. पण मग वर्षभराने त्याच सरकारचं खातं एक ॲप पाठवतं जे न विचारता फोनमध्ये येऊन बसणार होतं आणि आदेशाप्रमाणे अडवताही येणार नव्हतं. त्यात थांबायचं कधी आणि विचार कधी करायचा? दूरसंचार खात्याचं नाव आणि शिक्का दिसला की प्रश्न न विचारता हो म्हणायचं, हीच सवय तर तो खाकीतला भामटा वापरतो. सक्तीच्या ॲपने ती सवय आणखी पक्की झाली असती. उद्या कुणी संचार साथीसारखंच दिसणारं बोगस ॲप पाठवून 'हे सरकारी आहे, ठेवावंच लागतं' म्हणालं असतं, तर आपण घरच्या माणसांना काय सांगितलं असतं?

वर्गात हे बोलले तेव्हा उलट प्रश्न आला, आणि तो टाळण्यासारखा नाही. "गूगलला सगळं देतेस, इन्स्टाला देतेस, पिझ्झाच्या दुकानात नंबर देतेस. मग सरकारनेच काय घोडं मारलंय?" खरं आहे. दहा हजारांचा फोन घ्या, त्यात कंपनीने भरलेली कितीतरी ॲप्स असतात, काही निघत नाहीत, आणि त्याबद्दल आपण कधी हूं की चूं केलेलं नाही. ती कुरकुर आपण करायला पाहिजे होती, अजूनही करायला पाहिजे.

पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. इन्स्टा मी आज रात्री उडवलं तर उद्या मला फार तर मीम्स कळणार नाहीत. कंपनी माझा डेटा विकेल, मला नको असलेल्या चपला दाखवेल. ती माझ्या दारात पोलीस पाठवू शकत नाही, माझा पासपोर्ट अडवू शकत नाही. ज्याच्या हातात दंडुका आहे त्याच्याकडून लेखी कागद जास्त मागायचा असतो, कमी नाही. आमच्याकडे कन्फेशनला माणूस काय काय सांगतो, आणि फादरने ते मरेपर्यंत पोटात ठेवायचं असतं. तरी तिथे जायचं की नाही ते माणूसच ठरवतो. फादर ते ऐकायला घराघरांत खुर्ची टाकून बसत नाहीत. हेतू कितीही चांगला असला तरी.

रशियात १ सप्टेंबर २०२५ पासून 'मॅक्स' नावाचं सरकारमान्य मेसेंजर प्रत्येक नव्या फोनमध्ये घालणं सक्तीचं झालं. आपण रशिया नाही, हे ३ डिसेंबरला दिसलं. विरोधी पक्ष ओरडले, वकील ओरडले, ॲपल कंपनी हा आदेश पाळणार नसल्याच्या बातम्या आल्या, आणि सरकार मागे आलं. चांगलंच झालं. पण मला थोडं लाजिरवाणं वाटतं की त्यात एका अमेरिकन फोन कंपनीचा वाटा असावा, जिचे फोन आपल्यातले फार थोडे वापरतात. स्वस्त अँड्रॉइडवाल्यांच्या बाजूने त्यांच्या कंपन्यांपैकी कोण उघडपणे बोललं?

आणि माघारीचं कारण काय दिलं ते वाचलंत का? लोकांमध्ये ॲपची स्वीकृती वाढते आहे, १ कोटी ४० लाख लोकांनी ते घेतलंय, एका दिवसात ६ लाखांनी नोंदणी केली, म्हणून आता सक्तीची गरज नाही. म्हणजे सक्ती करायचा अधिकार नव्हता असं नाही, फक्त गरज उरली नाही. उद्या गरज वाटली तर? त्याच २८ तारखेला आणखी एक आदेश निघाला होता: ज्या सिमवर व्हॉट्सॲप उघडलं ते सिम फोनमध्ये नसेल तर ते चालू नये, आणि वेब व्हॉट्सॲप दर सहा तासांनी आपोआप लॉगआउट व्हावं. लायब्ररीतल्या संगणकावर ग्रुपच्या नोट्स उघडून बसणाऱ्यांनी यावर बोलायला हवं होतं, पण ॲपच्या गदारोळात ते बाजूलाच पडलं.

मी स्वतः संचार साथी ४ डिसेंबरला घेतलं, सक्ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या नावावर दोन नंबर दिसले, एक माझा आणि एक पप्पा वापरतात तो. शेजारच्या आंटींनी ते बघितलं आणि स्वतःचा फोन पुढे केला.

"हे ठेवायलाच पाहिजे काय गं?"

"नाही आंटी. तुम्हाला पाहिजे तर ठेवा."

"सरकारचं असून?"

मी हो म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून मग अर्धा तास बसून सरकार फोनवरून काय काय करू शकत नाही याची यादी केली: अटक, जामीन, दंड, खात्याची तपासणी. खाली १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लिहिला. कागद त्यांच्या फ्रिजवर लावला आहे, मासे कुठल्या दिवशी येतात त्या कागदाशेजारी.