पत्ता सांगण्याच्या तऱ्हा

वाचकहो, ऐन दिवाळीत चिपची गोष्ट काढली म्हणून रागावू नका. फराळाशी तिचे नाते आहे. आमचा एक जुना विद्यार्थी संगणक-दुरुस्तीत पडला आहे. त्याने परवा एका चिपची माहितीपुस्तिका वाचायला दिली. चिप ५३सी८१०, कंपनी एन.सी.आर.; दुकानांतली गल्ल्याची यंत्रे करून नावारूपाला आलेली, तीच ही. १९९०च्या दशकात संगणक आणि डिस्क यांच्यातली ने-आण ही चिप करीत असे. या ने-आणीच्या पद्धतीला ‘स्कझी’ म्हणतात. तिचे पहिले प्रमाण १९८६चे. एका केबलवर फार तर आठ जण : चिप आणि सात डिस्क.

आधीच्या साध्या चिपा फार विचारीत. पायरीपायरीला मुख्य प्रोसेसरला हाक, ‘आता काय करू?’ फराळाचे डबे पोचवणारा मुलगा प्रत्येक कोपऱ्यावरून फोन करू लागला, तर आईची चकली कढईत करपायचीच! एन.सी.आर.ने या घराण्यातल्या चिपांना हुकुमांची स्वतंत्र भाषाच दिली, ‘स्क्रिप्ट्स’ नावाची. हुकूम बहुधा आठ बाइटांचा. आधी काम, मग पत्ता. आणि तो पत्ता सांगण्याच्या तऱ्हा पाहून माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला.

पहिली तऱ्हा सरळ. ‘हा डबा धंतोलीत काकूंकडे दे.’ पत्ता हुकुमातच. दुसरी आडवळणाची. ‘महालातल्या मावशींकडे जा, काकू हल्ली कुठे राहतात ते त्या सांगतील.’ इथे हुकुमात पत्ता नाही, पत्ता कुठे लिहिला आहे ते आहे. नाम आणि सर्वनाम, दुसरे काय! उडीच्या हुकुमांसाठी ‘इथून चार घरे पुढे’ अशीही एक तऱ्हा आहे, ती सोपी म्हणून सोडतो.

मला आवडली ती यादीची. ‘यादीतली तिसरी ओळ पाहा.’ ओळीत आठ बाइट : चार किती द्यायचे त्याचे, चार कुठे द्यायचे त्याचे. यादी कुठे सुरू होते ते चिपमधल्या ‘डीएसए’ रजिस्टरात असते. हुकुमात फक्त तिथून किती पुढे. तिसरी ओळ म्हणजे १६ बाइट पुढे. आपल्या झिरो माइलच्या दगडावर जबलपूर, छिंदवाड्याची अंतरे कोरली आहेत, ती दगडापासूनच मोजायची, तसे. मात्र आमचा दगड जागचा हलत नाही. डीएसए हवा तिथे नेता येतो.

सारी खुबी त्यातच आहे. सरळ पत्त्याचा हुकूम दर खेपेला खोडून नवा लिहावा लागतो. डिस्क तर ‘शोधून सांगते’ म्हणून मध्येच केबल सोडते नि मागाहून परत येते. अशी सात जणांची कामे लोंबकळत असता कोणाचा पत्ता खोडला नि कोणाचा राहिला, हे कोणी पाहावे? यादी असली की हुकूम तेच, प्रत्येक कामाची यादी तेवढी वेगळी. डिस्क परत आली की तिची यादी डीएसएत ठेवायची. चिपला मेमरीकडे एक फेरी जास्त पडते खरी, पण मुख्य प्रोसेसरची चकली करपत नाही.

चिप मात्र भाबडी आहे. आकडा नि पत्ता दिसला की तिथे लिहून मोकळी. ‘हे घर कोणाचे?’ असे त्या काळच्या घरगुती संगणकात तिला कोणी हटकीत नसे. एका ओळीत मागच्या कामाचा पत्ता राहून गेला, तर एखाद्याच्या पगारपत्रकावर दुसऱ्याचे पत्र उमटायचे, आणि यंत्र कुरकुरायचेही नाही. चिपसाठी या याद्या भरणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. यादीची शेवटची ओळ भरून झाल्यावाचून त्याने चिपला ‘नीघ’ म्हणायचे नसते.