घंटा जरा उशिरा वाजू द्या



माझी नात नववीत आहे. परवा वर्गात हळदीच्या कागदाचा प्रयोग सुरू होता. साबणाच्या पाण्याने कागद लाल झाला, लिंबू पिळायचं राहिलं आणि घंटा वाजली. पुढचं फळ्यावरून उतरवून घेतलं. घरी म्हणाली, "आजी, उत्तर येतं, पण असं का होतं ते कळत नाही." मग ओट्यावर तोच प्रयोग पूर्ण केला. तिने सोडा, ताक, चिंच सगळंच तपासलं. तास कसा गेला कळलंच नाही.

३५ मिनिटांच्या ८ तासिका म्हणजे दिवसातून ८ वेळा मन उचलून दुसरीकडे ठेवायचं. मी कॉमर्सची. ताळेबंद जुळत आला असताना कोणी उठवलं की बेरीज पुन्हा पहिल्यापासून. आपलं सामायिकही ४८ मिनिटांचं असतं; मन जागेवर यायलाच थोडा वेळ जातो.

आपल्याच वर्ध्यात १९३७ साली नई तालीमची कल्पना मांडली गेली. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती, त्याच्याच आधाराने बाकीचे विषय शिकवायचे म्हणून. आज एवढं जमणार नाही. शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो, हेही खरं. पण आठवड्यातून दोन दिवस विज्ञानाच्या दोन तासिका सलग द्यायला काय हरकत आहे? तासिका तेवढ्याच, खर्च काही नाही.

पुढच्या पालकसभेत मी हे मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या शाळेत विचारून बघा.