परतीची वेळ आधीं ठरवावी

हिवाळा आला कीं घरोघर सहलीचे बेत निघूं लागतात. दिवाळीचा फराळ संपलेला असतो, मुलांच्या परीक्षा उरकलेल्या असतात, आणि सकाळच्या कोंवळ्या उन्हांत चहा घेतांना कोणी तरी विचारतोच, "यंदा कोठें जावयाचें?" कोणी महाबळेश्वराचें नांव काढतो, कोणी कोंकणाचें. आमच्या घरीं मात्र गेलीं कांहीं वर्षें एकच नांव निघतें, तें येडशीचें. पुष्कळ वाचकांस तें ठाऊक नसेल. म्हणून आधीं त्या जागेची ओळख करून देतों आणि मग तेथें आम्हांस मिळालेला धडा सांगतों.

सह्याद्रीपासून फुटलेली बालाघाटाची रांग अहिल्यानगर व बीड ह्या जिल्ह्यांतून आग्नेयीस धाराशिव जिल्ह्यांत येते. ती दिसावयास भव्य नाहीं. सुळके नाहींत, आभाळास टेंकलेलीं शिखरें नाहींत. सपाट माथे, काळा दगड आणि हिवाळ्यांत पिंवळें पडलेलें गवत, एवढेंच तिचें वैभव. उंची समुद्रसपाटीपासून सहाशें-सातशें मीटर. आणि भोंवतालची जमीनच मुळांत उंच असल्यामुळें डोंगर अधिकच ठेंगणे वाटतात. परंतु ह्या रांगेचें महत्त्व उंचींत नसून पाण्याच्या वांटणींत आहे. तिच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग तेरणा व मांजरा ह्या नद्यांवाटे गोदावरीस मिळतो, दुसरा सीनेवाटे भीमेस व पुढें कृष्णेस. एकाच छपराच्या दोन बाजूंच्या ह्या पागोळ्या होत.

येडशी हें गांव धाराशिवाच्या उत्तरेस, सोलापुराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. गांवाजवळच्या खोल घळींत रामलिंगाचें जुनें देवालय आहे. सीताहरणाच्या वेळीं जटायूनें रावणास येथेंच अडविलें, आणि घायाळ जटायूस पाणी पाजण्यासाठीं श्रीरामांनीं बाणानें येथें झरा काढला, अशी कथा भाविक सांगतात. श्रावणांत येथें मोठी गर्दी असते आणि पावसाळ्यांत कड्यावरून धबधबा कोसळतो. हिवाळ्यांत मात्र माकडांचा कलकलाट सोडला तर सारें शांत असतें. भोंवतालचें सुमारें २२ चौरस किलोमीटरांचें रान १९९७ सालापासून अभयारण्य आहे.

आमच्या घराचा ह्या जागेशीं संबंध जुना आहे. आमचें आजोळ बार्शीचें. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी सुरू केली. १९११ सालीं ती येडशीवरून लातुरास पोंचली. १९५४ सालीं ती सरकारनें घेतली, आणि २००८ पर्यंत ह्या मार्गावर रुंद रूळ पडले. माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, लहानपणीं त्या छोट्या गाडींतून मामांबरोबर रामलिंगास जात. चढावर गाडी इतकी मंद होई कीं धाडसी मुलें खालीं उतरून तिच्या शेजारून चालत, असें ते अजून रंगून सांगतात. आज दादा बाहत्तर वर्षांचे आहेत.

आतां धड्याची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं डिसेंबरांत आम्ही आठ मंडळी सोलापुराहून येडशीस गेलों. बेत असा नव्हताच. सकाळीं मनांत आलें आणि निघालों. देवदर्शन होऊन जेवणें आटोपतां आटोपतां तीन वाजले. "आलोंच आहोंत तर वर माथ्यावर जाऊन दृश्य पाहूं," असें मीच म्हणालों. अभयारण्यांत देवळाची वाट सोडून फिरावयाचें तर वनखात्यास विचारावें लागतें, हेंही मला सुचलें नाहीं. पाण्याच्या बाटल्या जेवतांनाच अर्ध्या झाल्या होत्या. वहिनींनीं दोन वेळां "भावजी, आतां मागें फिरूं या" असें सुचविलें; मी दोन्ही वेळां "तो पुढचा टेंकू दिसतो ना, तेवढाच!" असें म्हणालों.

ते टेंकू एकापुढें एक निघतच असतात, हें डोंगरांत गेलेल्या प्रत्येकास कळतें. पण तें बहुधा उशीरां कळतें. आम्ही वळलों तेव्हां सूर्य क्षितिजास टेंकला होता. घळींत उतरूं लागलों तों काळोखानें आम्हांस गांठलें. सुट्या दगडांवरून माझ्या पुतणीचा पाय मुरगळला. एका शालीची झोळी करून आम्हीं तिला आळीपाळीनें उचललें. त्या गडबडींत दादा मागें राहिले होते. हांका मारीत मी परत गेलों, तों ते एका दगडावर छातीवर हात ठेवून बसलेले आढळले. "कांहीं नाहीं रे, जरा दम घेतों," एवढेंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीं सोलापुरास डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां कळलें कीं तो नुसता दम नव्हता. त्यांच्या हृदयास ताण बसला होता. पुढें औषधोपचारानें ते बरे झाले. त्या दिवसाविषयीं त्यांनीं मला आजतागायत एक शब्दही लाविलेला नाहीं. आणि त्यांनीं शब्द लावला असता तर मला तें अधिक सोसलें असतें.

ह्यानंतर मीं डोंगरवाटेच्या बेताविषयीं जरा नीट विचार केला. त्याचें सार येथें देतों.

पहिला हिशेब उजेडाचा. डिसेंबरच्या उत्तरार्धांत ह्या भागांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आंत मावळतो. म्हणजे दिवस अवघा अकरा तासांचा. आणि खोल घळींत ऊन ह्याहूनही लौकर उतरतें. म्हणून निघण्याच्या वेळेपेक्षां परतण्याची वेळ आधीं ठरवावी. सात-साडेसातास निघावें आणि साडेअकरा वाजतां, आपण कोठेंही असलों तरी, मागें वळावें. ठिकाण समोर दिसत असलें तरी वळावें. "एवढेंच राहिलें" हें वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्यानें आमचें उदाहरण आठवावें.

दुसरा हिशेब पाण्याचा. पावसाळ्यांत खळाळणारे ओढे हिवाळ्यांत पुष्कळ ठिकाणीं आटलेले असतात, आणि उरलेलें डबक्यांतील पाणी पिण्याजोगें नसतें. माणशीं तीन लिटर पाणी घरूनच न्यावें. आठ माणसांचें तें चोवीस किलोंचें ओझें होतें. म्हणून तें कोणी वाहावयाचें हेंही घरींच ठरवावें. त्याचे तीन भाग कल्पावेत: एक जाण्यासाठीं, एक येण्यासाठीं आणि एक संकटासाठीं. तिसऱ्या भागास घरीं पोंचेपर्यंत हात लावूं नये.

तिसरी गोष्ट चालीची. मंडळींची चाल म्हणजे त्यांतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल. त्याला मागें न ठेवतां पुढें ठेवावें, म्हणजे त्यास धावावें लागत नाहीं आणि तरुणांस थांबावें लागत आहे असेंही वाटत नाहीं. आम्हीं दादांस मागें ठेविलें, ही आमची त्या दिवसाची सर्वांत मोठी चूक होती.

कपड्यांच्या बाबतींत मराठवाड्याची हवा फसवी असते. पहांटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारीं तीसच्या आसपास चढतो. एकच जाड कोट नेण्यापेक्षां दोन-तीन पातळ वस्त्रें एकावर एक घालावीं, म्हणजे ऊन चढेल तसतशीं काढतां येतात. पायांत नवे बूट नकोत. महिनाभर वापरलेले हवेत. प्रत्येकाजवळ स्वतंत्र विजेरी असावी, कारण एका दिव्यामागून आठ माणसें चालूं लागलीं कीं सातांस आपलीच सांवली आडवी येते. खिशांतील फोनवर विसंबूं नये. घळींत तो पुष्कळदां मुकाच होतो. आपण कोण कोण, कोणत्या वाटेनें जाणार आणि किती वाजेपर्यंत परतलों नाहीं तर कोणास कळवावें, हें एका कागदावर लिहून तो घरच्या माणसाजवळ ठेवावा.

शिदोरीस दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी ह्यांसारखें दुसरें कांहीं नाहीं; त्या नासत नाहींत आणि सांडत नाहींत. माकडांच्या देखत मात्र पिशवी उघडूं नये. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड वर्ज्य. वाळलेल्या गवतांत काडी ओढणें हा तर गुन्हाच समजावा. एका विडीपायीं अख्खा डोंगर जळतो. दगडाच्या फटींत पाहिल्याशिवाय हात घालूं नये, कारण उन्हास आलेली घोणस किंवा फुरसें आपणांआधीं तेथें बसलेलें असण्याचा संभव असतो.

ह्या सर्व नियमांनुसार आम्हीं २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हा बेत आखला. पिशव्या भरून झाल्या, आणि वर्तमानपत्रांत बातमी आली कीं येडशीच्या अभयारण्यांत लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ दिसला! यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वराच्या रानांत जन्मलेला एक तरुण नर शेंकडों किलोमीटर चालून येथपर्यंत आला होता. शेतें, रस्ते, रूळ, गांवें ओलांडून, बहुधा रात्रींच्या अंधारांत, त्यानें हा प्रवास केला. एका नर वाघास स्वतःपुरतें जेवढें रान लागतें त्याच्या मानानें २२ चौरस किलोमीटर म्हणजे अंगणच. त्यामुळें तो बार्शीकडेही फिरूं लागला, गुरांवर हल्ले झाले, आणि पुढच्या जानेवारींत त्यास पकडण्यासाठीं वनखात्याचीं पथकें आलीं.

आमच्या घरीं त्या रात्रीं मोठा वाद झाला. दादांचा नातू म्हणाला, "आजोबा, आतां तर जावयासच हवें! वाघ दिसेल!" मलाही मनांतून तसेंच वाटत होतें, हें कबूल करावयास हरकत नाहीं. दादा कांहीं वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, तो बिचारा घर शोधीत आला आहे. ज्याला अजून बसावयास जागा मिळालेली नाहीं त्याच्या भोंवतीं आपण गर्दी करावी काय? आणि तेथले शेतकरी रात्रीं पाणी द्यावयास जीव मुठींत धरून जात असतील. त्यांच्या भीतीची आपण मौज करावयाची?" मुलगा रडला, पण पिशव्या सोडल्या गेल्या. त्याऐवजीं आम्ही धाराशिवाजवळचीं प्राचीन लेणीं पाहिलीं आणि तेथून तेरास गेलों. ग्रीक व्यापाऱ्यांस तगर ह्या नांवानें ठाऊक असलेलें आणि गोरोबा काकांमुळें महाराष्ट्रास प्रिय झालेलें तें गांव पाहून मुलाचेंही समाधान झालें. बेत मोडतां येणें हाही बेत आखण्याचाच एक भाग आहे, हें त्या दिवशीं दादांनीं आम्हांस शिकविलें.

यंदा पुन्हा येडशीचा विषय निघाला आहे. आधीं वनखात्याच्या कचेरींत विचारावयाचें, आणि त्यांनीं नको म्हटलें तर जावयाचें नाहीं, हें पहिलें कलम. दुसऱ्या कलमावर मात्र पुन्हा खटका उडाला. सूनबाईंनीं स्पष्टच सांगितलें कीं दादांनीं देवळाच्या पुढें चढूं नये. दादांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आतां ओझें झालों म्हणावयाचें!" ते म्हणाले. सूनबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ओझें नव्हे. त्या रात्रीं तुम्हांला शोधावें लागलें, तें मला पुन्हा सोसणार नाहीं." ह्यावर कोणीच बोललें नाहीं. थोड्या वेळानें दादांनीं आपल्या मनगटावरचें घड्याळ काढून नातवाच्या हातांत बांधलें. "साडेअकरा वाजले कीं तूं सर्वांस मागें वळवावयाचें. तुझ्या बापानें ऐकलें नाहीं तरी वळवावयाचें. मी खालीं वाट पाहीन."

आणि मी? मीही त्यांच्याजवळ देवळाच्या पायरीवरच बसणार आहें. माथ्यावरचें दृश्य मीं एकदां पाहिलें आहे. त्याची किंमतही मला माहीत आहे. छोट्या गाडीच्या त्यांच्या गोष्टी मीं पूर्वीं शंभरदां ऐकल्या असतील, पण जेथें त्या घडल्या तेथें बसून अजून ऐकलेल्या नाहींत. बरोबर बार्शीच्या मामेभावाच्या शेतांतला कोंवळा हुरडा असेल.

आमच्या वाचकांपैकीं जे ह्या हिवाळ्यांत डोंगराकडे वळणार असतील, त्यांनीं पिशवी भरण्यापूर्वीं एवढें अवश्य करावें: घड्याळ कोणाच्या हातीं द्यावयाचें तें ठरवावें, आणि एकदां ठरल्यावर त्याचें ऐकावें.