विश्लेषण : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गोळ्यांनी ताठरता परत येते का?

प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, पीएसए खाली आले, तरी तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना एक प्रश्न तोंडातच राहतो. मग तो औषधाच्या दुकानात किंवा जाहिरातीतल्या नंबरवर विचारला जातो.

ताठरता का जाते?

लिंगात रक्त भरण्याचा संदेश नेणारे मज्जातंतू प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. पूर्वी ग्रंथी काढताना ते बहुधा तुटतच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ते वाचवून शस्त्रक्रिया केली. पण वाचवलेले तंतूही ताणले जातात आणि सावरायला दीड-दोन वर्षे लागू शकतात. (कर्करोग नसताना, वाढलेल्या प्रोस्टेटसाठी होणारे दुर्बिणीचे ऑपरेशन वेगळे. त्यात ताठरता सहसा टिकते.)

रोजच्या गोळीचा दावा किती खरा?

रोज गोळी घेतली की तंतू लवकर बरे होतात, या समजुतीने महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात. टाडालाफिलच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ महिने रोज गोळी घेणाऱ्यांना ती चालू असेपर्यंत फायदा दिसला. गोळी थांबवल्यावर मात्र आपोआप येणाऱ्या ताठरतेत ते इतरांच्या पुढे नव्हते. गरजेपुरती गोळी घेण्यात गैर काही नाही. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेट चालू असल्यास ती जिवावर बेतू शकते.

गोळी लागू पडली नाही तर?

गोळीला तंतूंकडून थोडा तरी संदेश लागतो. लिंगात घ्यायच्या इंजेक्शनला तो लागत नाही, म्हणून तंतू गेलेल्यांनाही त्याचा उपयोग होतो. सुईची भीती वाटते, पण डॉक्टरांकडून शिकून अनेक जण ते घरी घेतात. चार तासांहून अधिक ताठरता राहिली तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. व्हॅक्यूम पंप हा सुईविना पर्याय. रोपण शेवटचे, कारण त्यानंतर नैसर्गिक ताठरतेकडे परतता येत नाही. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेले देशी रोपणही उपलब्ध आहे. ‘शॉकवेव्ह’चे महागडे पॅकेज मात्र अजून पुरेशा पुराव्याविना विकले जाते.

डॉक्टरांना काय विचारावे?

तंतू एका बाजूचे वाचले की दोन्ही? गाठ तंतूंपर्यंत पोहोचली असेल तर सर्जनला ते काढावेच लागतात. दोन्ही गेले असतील तर गोळ्यांवर वर्षभर खर्च करण्याआधी इंजेक्शनविषयी बोललेले बरे; आणि त्या भेटीला पत्नीही सोबत असावी.