मनगटावरचा आकडा आणि डोंबिवलीकराचे शरीर

सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून सुटणारी जलद लोकल. एका हाताने वरची कडी धरलेली, पाठीवरची बॅग छातीशी आलेली आणि दुसरा हात हलवण्याइतकीही जागा नाही. ४८ किलोमीटरवरील सीएसएमटी गाठेपर्यंत तासाभराहून अधिक काळ असा तोल सावरत उभा राहणारा प्रवासी किती ऊर्जा खर्च करतो, हे त्याच्या मनगटावरील फिटनेस बँडला कळणे कठीणच. हात स्थिर म्हणजे पावले नाहीत, एवढेच त्याला समजते. तरीही रात्री तोच बँड दिवसभरात खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा अगदी एककापर्यंत मांडतो. या नेमकेपणातच फसगत दडलेली आहे.

मुळात असे उपकरण कॅलरी मोजतच नाही. ते हाताची हालचाल टिपते, त्वचेवर प्रकाश टाकून नाडीचे ठोके मोजते आणि वापरणाऱ्याने भरलेले वय, वजन, उंची व लिंग यांच्याशी त्याची सांगड घालून सूत्राने अंदाज बांधते. बैठे काम करणाऱ्याच्या दैनंदिन खर्चापैकी सुमारे ६० ते ७० टक्के ऊर्जा नुसते जिवंत राहण्यात जाते. म्हणजे रात्रीच्या आकड्याचा मोठा हिस्सा पहिल्या दिवशी भरलेल्या माहितीवरूनच ठरलेला असतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणांची चाचणी घेतली. हृदयगतीच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जाखर्चाच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, तर सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. गडद त्वचा आणि जास्त बॉडी मास इंडेक्स असलेल्यांमध्ये चूक वाढते, असेही त्यात आढळले. ती उपकरणे आता जुनी झाली, पण अंदाज बांधण्याची रीत मूलतः तीच आहे.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! विश्रांतीच्या अवस्थेत चरबी स्नायूंपेक्षा बरीच कमी ऊर्जा वापरते. एकसारखे वय, उंची आणि वजन असलेल्या अशा दोन पुरुषांची माहिती घड्याळात भरली, तर सर्वसाधारण सूत्र दोघांना एकच आकडा देईल. बारीक दिसणाऱ्या, पण स्नायू कमी असलेल्या भारतीयाच्या पदरात त्यामुळे न केलेल्या खर्चाचे पुण्य पडण्याची शक्यता अधिक. मधुमेहाची टांगती तलवारही नेमकी याच शरीरयष्टीवर असते.

प्रश्न निव्वळ कुतूहलाचा असता तर सोडून देता आला असता. पण ‘आज ४०० कॅलरी जाळल्या’ असे वाचल्यावर संध्याकाळी स्थानकाबाहेरचा वडापाव हक्काचा वाटू लागतो. ४०० मध्ये २७ टक्के चूक म्हणजे शंभराहून अधिक कॅलरी. रोज एवढी चूक जास्तीच्या बाजूने झाली, तर महिन्याला तीन हजारांच्या वर. अमेरिकेत ४७१ तरुणांवर दोन वर्षे झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनासोबत असे उपकरण वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले; उपकरणाशिवाय स्वतः नोंदी ठेवणाऱ्यांचे ५.९ किलोने. असे का झाले, याचे निर्विवाद उत्तर त्या प्रयोगातून मिळाले नाही.

याचा अर्थ बँड काढून ठेवावा असा नव्हे. पावले, विश्रांतीतील नाडी आणि गेल्या आठवड्याशी तुलना यांसाठी तो उपयोगी आहे. तुलनेलाही एक अट आहेच: उपकरण, मनगट आणि सूत्र तेच हवे. यांतील सूत्र कंपनीच्या हाती असते आणि सॉफ्टवेअरच्या एखाद्या अपडेटने ते रातोरात बदलू शकते.