दिल्या शब्दाचे विज्ञान

मे २०१५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाने ३३. त्यातले विज्ञान, संदर्भसूची धरून, पहिल्या नऊ पानांत आटोपले. उरलेली २४ पाने लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांनी भरलेली होती. लेखक ५,१५४. लेखकांना वाचकांची गरजच उरली नाही, अशी थट्टा करायला ही संख्या पुरेशी आहे. पण या यादीला आणखी एक अंग आहे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधील अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन महाकाय शोधकयंत्रांच्या देखभालीचा सामाईक खर्च सहभागी संस्थांमध्ये वाटला जातो तो त्यांच्या पीएच.डी.धारक लेखकांच्या संख्येनुसार. म्हणजे यादीत नाव हवे तर त्या नावामागची वर्गणी कोणीतरी भरावी लागते. या शोधाची श्रेयनामावली आणि जमाखर्चाची वही एकमेकींना अशा शिवलेल्या आहेत.

हिग्ज कणाची कथा आपल्याकडे सांगितली जाते ती प्रतिभेची. १९६४ साली पीटर हिग्ज, फ्रांस्वा आंग्लेर आदींनी कागदावर मांडलेली कल्पना, ४ जुलै २०१२ रोजी सर्नच्या सभागृहात झालेली घोषणा, २०१३ चे नोबेल. हे सारे खरेच. पण मधल्या ४८ वर्षांत प्रतिभेइतकाच प्रश्न होता तो चिकाटीने पैसे पुरवण्याचा. जो कण आहे की नाही हेच ठाऊक नाही, सापडला तर त्यापासून ना वीज मिळणार ना अस्त्र, त्याच्या शोधासाठी पिढीमागून पिढी करदात्यांचा पैसा कोणी आणि का द्यायचा? या प्रश्नाचे उत्तर दोन खंडांनी वेगवेगळे दिले आणि म्हणून तो कण टेक्सासऐवजी युरोपात सापडला.

टेक्सासमधील वॅक्साहाची गावापाशी अमेरिका ८७ किलोमीटर परिघाचा ‘सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर’ बांधत होती. त्याची नियोजित ऊर्जा पुढे सर्नने बांधलेल्या यंत्राच्या जवळपास तिप्पट. पण १९८७ मध्ये ४.४ अब्ज डॉलरचा असलेला अंदाज १९९३ पर्यंत ११ अब्जांच्या पुढे गेला. दरवर्षी अर्थसंकल्प आला की अमेरिकी काँग्रेसमध्ये या प्रकल्पाच्या जगण्यामरण्याचे मतदान. शीतयुद्ध संपलेले, तूट वाढलेली आणि टेक्सासबाहेरच्या लोकप्रतिनिधींना या खड्ड्यात रस नव्हता. यंत्र ‘अमेरिकी’ म्हणूनच आखलेले असल्याने परदेशी भागीदार शोधायला सुरुवात झाली ती उशिरा, आणि ज्याच्यावर मुख्य भिस्त होती त्या जपानचा पैसा आलाच नाही. गंमत म्हणजे त्या वेळी चाचपडत का होईना तयारी दाखवणाऱ्यांत भारत होता. आकडा होता पाच कोटी डॉलरचा. ऑक्टोबर १९९३ मध्ये काँग्रेसने प्रकल्प गुंडाळला, तेव्हा २३ किलोमीटर बोगदा खणून झाला होता आणि सुमारे दोन अब्ज डॉलर जमिनीत गेले होते.

त्याच वर्षी ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी भौतिकशास्त्रज्ञांना आव्हान दिले: हिग्ज बोसॉन म्हणजे काय आणि तो आम्ही का शोधायचा हे एका पानात समजावून सांगा, उत्तम उत्तराला शॅम्पेनची बाटली. ज्याच्या सहीने पैसे जातात त्याने असे विचारणे यात काही गैर नाही. आपल्याकडच्या एखाद्या मंत्र्याने कधी असे विचारल्याचे ऐकिवात नाही, हे खरे तर चिंतेचे. मात्र वॉल्डग्रेव्ह यांना उत्तर पटले नसते तरी ब्रिटनची त्या वर्षाची वर्गणी त्यांना तडकाफडकी थांबवता आली नसती. कारण सर्न उभे आहे ते आंतरराष्ट्रीय करारावर. १९५४ साली १२ देशांनी मिळून ही संस्था स्थापली, त्यांत महायुद्ध हरून दहा वर्षेही न झालेला पश्चिम जर्मनी होता. वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात, पण मत प्रत्येक देशाला एकच. चाळीतल्या गणपतीची वर्गणी जशी ऐपतीप्रमाणे आणि आरतीत उभे राहण्याचा हक्क मात्र सगळ्यांना सारखा, तसे. आज सदस्य देश २५ आहेत आणि एकट्या जर्मनीचा वाटा सुमारे एक पंचमांश. वर्गणी नको असेल तर करारातून बाहेर पडावे लागते. युगोस्लाव्हिया १९६१ मध्ये पडला, स्पेन १९६९ मध्ये पडला आणि १९८३ मध्ये परतला. दरवर्षी नव्याने कौल लावण्याची सोय इथे नाही, आणि यंत्र बांधायला पंधरा वर्षे लागणार असतील तर ती नसलेलीच बरी.

अर्थात कराराने पैशाची चणचण मिटत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये सर्नच्या परिषदेने ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ला मंजुरी दिली ती अर्धवटच: आधी दोनतृतीयांश चुंबक बसवा, कमी ऊर्जेवर यंत्र चालवा, उरलेले पुढे पाहू. ही तडजोड टळली ती सदस्य नसलेल्या देशांमुळे. १९९५ मध्ये जपानने ५०० कोटी येन देऊ केले. त्यांचे मंत्री काओरू योसानो यांनी सोबत दारुमा बाहुली भेट दिली, जिचा एक डोळा संकल्प सोडताना रंगवायचा आणि दुसरा तो पुरा झाल्यावर. मग भारत, रशिया, कॅनडा आणि १९९७ च्या अखेरीस ५३.१ कोटी डॉलर घेऊन अमेरिका. स्वतःचे यंत्र मोडणारी अमेरिका दुसऱ्याच्या यंत्राला पैसे द्यायला आली, कारण तिच्या शेकडो शास्त्रज्ञांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती. या देशांच्या मिळालेल्या आणि अपेक्षित मदतीच्या भरवशावर १९९६ मध्येच यंत्र एकाच टप्प्यात पूर्ण बांधायचे ठरले. त्याच सुमारास एकीकरणाच्या खर्चाने वाकलेल्या जर्मनीने आपली वर्गणी कमी करून घेतली. पुढे २००१ मध्ये खर्च अंदाजाबाहेर गेला, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेकडून ३० कोटी युरोचे कर्ज काढावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये यंत्र सुरू होऊन दहा दिवस होतात न होतात तोच विजेच्या एका सदोष जोडणीने चुंबकांची रांग उद्ध्वस्त केली. टेक्सासमध्ये यातला एखादा प्रसंगही प्रकल्पाच्या जिवावर बेतला असता.

यातला भारताचा वाटा रोख रकमेपेक्षा वस्तूंचा होता. या यंत्रातले १,२३२ मुख्य चुंबक प्रत्येकी १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचे. केसाच्या जाडीहून कमी फरकाने ते जागेवर बसवायचे आणि तिथेच धरून ठेवायचे. त्यासाठी एकेका चुंबकाखाली तीन तीन ‘जॅक’ आहेत. असे सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली भारतात घडले. सीएमएस यंत्राच्या बाह्य आवरणातील कणमापक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) बांधला. त्याच सीएमएसचे चुंबक ज्या पायांवर उभे आहे ते पाकिस्तानात तक्षशिलेच्या कारखान्यात तयार झाले आणि सीएमएसमधले पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांची लाखो कवचे वितळवून मिळवले. जी राष्ट्रे एकमेकांशी धड बोलत नाहीत त्यांचे सुटे भाग इथे एकमेकांत चपखल बसतात, याचे कौतुक विश्वबंधुत्वाच्या गहिवराने करण्याची गरज नाही. प्रत्येकाला काय द्यायचे, कोणत्या मापाचे आणि कधीपर्यंत हे कागदावर ठरले होते आणि ते पाळले गेले, एवढेच. या पाळण्यात भारतीय संस्था आणि उद्योग कुठेही कमी पडले नाहीत. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. पूर्ण सदस्याच्या वर्गणीचा किमान दहावा हिस्सा भरायचा, बदल्यात आपल्या कंपन्यांना मर्यादेत कंत्राटे आणि आपल्या तरुणांना नोकरीसाठी अर्ज करण्याची मुभा. व्यवहार वाईट नाही.

पण दुसऱ्याच्या मांडवात वेळेवर शिधा पोचवणारा हा देश स्वतःच्या अंगणात मांडव घालायला निघाला की काय होते? कधी काळी तेही जमत होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर १९६५ मध्ये वातावरणातून उपजलेल्या न्यूट्रिनो कणांची नोंद झाली. टीआयएफआर, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांचा तो संयुक्त प्रयोग, एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, साबुरो मियाके, आर्नल्ड वुल्फेन्डेल ही त्यातली ठळक नावे. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट त्याच मागावर होता. कोलारचा शोधनिबंध त्याच्या दोन आठवडे आधी छापून आला. इंग्रज आणि जपानी शास्त्रज्ञ तेव्हा भारतात येत होते, कारण जगात मोजक्याच ठिकाणी मिळणारी खोली आपल्यापाशी होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस तोट्यातल्या खाणीबरोबर प्रयोगही बंद झाले. जपानने मात्र आपल्या कामिओका खाणीत शास्त्रज्ञांसाठी जागा राखली, यंत्रावर मोठे यंत्र बांधले आणि १९९८ मध्ये न्यूट्रिनोंचे रूपांतर होते हे तिथेच सिद्ध केले. त्याचे नोबेल २०१५ मध्ये ताकाकी काजिता यांना मिळाले.

आपण त्याच २०१५ च्या जानेवारीत जागे झालो. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात ५० हजार टन चुंबकीय लोखंडाचा न्यूट्रिनो शोधक उभारण्याच्या सुमारे १,५०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याआधी निलगिरीतली जागा हत्तींच्या वाटेवर येते म्हणून सोडावी लागली होती. थेनीतही पर्यावरण परवाने, हरित लवाद, न्यायालय आणि राज्य सरकारचा विरोध यांत प्रकल्प रुतला. चीनच्या ‘जुनो’ या न्यूट्रिनो प्रकल्पाचे खोदकामही त्याच जानेवारीत सुरू झाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० हजार टन द्रवाने भरलेले ते यंत्र नोंदी घेऊ लागले. न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम कोणता, हा थेनीच्या प्रयोगाचाही मुख्य प्रश्न होता. आता त्याचे उत्तर आधी कुठून येण्याची शक्यता आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

चीनमध्ये गावकऱ्यांना विचारत नाहीत, आपल्याकडे लोकशाही आहे, हे यावरचे ठरलेले समर्थन. ते अर्धेच खरे आहे. सर्न जिनिव्हात यायचे ठरले तेव्हा तिथेही अणूच्या नावाने धास्ती होती, स्विस तटस्थतेला बाधा येईल अशी ओरड होती. त्यावर जून १९५३ मध्ये जिनिव्हा परगण्यात सार्वमत झाले आणि लोकांनी १६,५३९ विरुद्ध ७,३३२ मतांनी होकार दिला. थेनीतल्या शेतकऱ्याने पाणी, स्फोट आणि किरणोत्सार याविषयी विचारलेले प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. मंजुऱ्या मिळवून मग गावात समजूत घालायला जायचे, हा क्रम चुकीचा होता आणि त्याचा दोष शास्त्रज्ञांच्या संस्थांकडेही जातो. न्यूट्रिनो निरुपद्रवी असतात हे सांगणे सोपे. डोंगरातून निघणारा लाखो टन दगड कुठे ठेवणार याचे उत्तर देणे अवघड असते आणि गावाला तेच हवे असते.

महाराष्ट्राला हे सारे दूरचे वाटायचे कारण नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. विषय कणभौतिकीचा नसला तरी गणित तेच: अमेरिकेत एका जादा यंत्रासाठी तयार झालेले भाग भारतासाठी बाजूला ठेवले गेले आणि जागा, इमारत, निर्वात नळ्या व मनुष्यबळ आपण द्यायचे. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली आणि २,६०० कोटींची प्रत्यक्ष मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. ही सात वर्षे कोणत्याही वैज्ञानिक अडचणीत गेली नाहीत. भागीदाराचे घरही आता पूर्वीसारखे भक्कम नाही. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिथल्या दोन लायगो वेधशाळांपैकी एक बंद करण्याचीच सूचना होती.

सर्नमध्येही वारे बदलले आहे. युक्रेन युद्धामुळे रशियाबरोबरचा सहकार्य करार ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपला आणि ज्याने सीएमएससाठी स्फटिक आणि पितळ पुरवले त्या देशाच्या शेकडो शास्त्रज्ञांना दार बंद झाले. दुसरीकडे सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या यंत्राची आखणी सुरू आहे, अंदाजित खर्च १५ अब्ज स्विस फ्रँक. सर्वात मोठा वर्गणीदार जर्मनी या आकड्याबाबत साशंक आहे. अंतिम निर्णय २०२८ च्या आसपास अपेक्षित आहे. म्हणजे १९९० च्या दशकासारखीच बाहेरच्या देशांची मनधरणी पुन्हा होणार आणि भारताचे दारही वाजणार. त्या वेळी आपण काय सांगणार? पुण्यात वाढलेल्या आणि अशा भावी यंत्रांच्या आखणीत आंतरराष्ट्रीय पातळीवर सहभागी झालेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या. त्यांच्या पिढीने आपल्या वैयक्तिक विश्वासार्हतेवर भारताला या टेबलाशी बसवले होते. पुढचे आसन सरकारच्या विश्वासार्हतेवर मिळवावे लागेल. संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करणाऱ्या देशाने सगळीकडे हात पसरून उभे राहण्यात अर्थ नाही. हिंगोली पूर्ण करायचे की नाही, थेनीबाबत लोकांशी नव्याने बोलायचे की तो प्रकल्प सोडल्याचे उघडपणे सांगायचे, आणि जिनिव्हातल्या नव्या यंत्रात कोणता भाग आपला, हे तीन निर्णय २०२८ च्या आधी घ्यावे लागतील. जे स्वीकारू त्याची किमान दहा वर्षांची तरतूद एकदाच मंजूर व्हावी. दर फेब्रुवारीत सुधारित अंदाजाच्या रकान्यात तिला कात्री लागू नये. अर्थ मंत्रालयाला ही मागणी अवाजवी वाटेल. धरणे, महामार्ग आणि युद्धनौका यांच्यासाठी हेच मंत्रालय वर्षानुवर्षांच्या बांधिलकीवर सही करत आले आहे.