कृष्णेचं पाणी, बोअरचं पाणी: घरात आरओ हवाच का?

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णा नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. व्हिडिओ व्हायरल झाले, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. अशा वेळी नदीकाठच्या घरांत एकच प्रश्न असतो: आपल्या नळाला येतं ते हेच पाणी ना?

मासे मेले म्हणजे पाणी विषारी?

तसं लगेच म्हणता येत नाही. मळीमिश्रित पाणी किंवा मैलापाणी नदीत मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. नदी आजारी असल्याची ही खूण आहे. तुमच्या ग्लासात नेमकं काय आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

नळाच्या पाण्यातून काय निघतं?

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड ओलांडून सांगलीत येते. वाटेत गावांचं सांडपाणी आणि उसाच्या शेतातली खतं मिसळतात. सांगलीत तर शेरीनाल्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय. शुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि क्लोरीन मिसळतात. यामुळे गढूळपणा आणि जंतू जातात. विरघळलेले क्षार, नायट्रेट मात्र तसेच राहतात.

साताऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. शहराच्या काही भागाला डोंगरावरच्या कास तलावाचं पाणी मिळतं. म्हणजे सांगलीतल्या नातेवाइकांनी घेतलेलं मशीन साताऱ्यातही लागेलच, असं नाही.

खरी काळजी कुठे?

बोअरच्या पाण्यात. रासायनिक खतं आणि मैलापाणी झिरपून भूजलात नायट्रेट वाढतं. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच उरतं, म्हणजे प्रमाण वाढतं.

कोणता फिल्टर काय करतो?

- यूव्ही: जंतू निष्प्रभ करतो. रसायनं काढत नाही.
- कार्बन: क्लोरीन, वास आणि काही कीटकनाशकांचे अंश कमी करतो. नायट्रेटवर चालत नाही.
- आरओ: क्षार, फ्लोराइड, नायट्रेट बरंच कमी करतो. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर वाया जातं.

टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालण्याचे नियम करा, असं हरित लवादाने 2019 मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, ते या नासाडीमुळेही.

टीडीएस मीटरवर विसंबावं का?

नाही. मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार सांगतो, त्यात काय आहे ते सांगत नाही. टीडीएस 300 असलेल्या पाण्यातही नायट्रेट मर्यादेबाहेर असू शकतं.

मग करायचं काय?

आधी तपासणी, मग खरेदी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा आणि जिवाणू, या चार गोष्टी तपासून मागा. पाणी नळाचं असेल, तर पालिकेकडे तपासणी अहवाल मागा. मशीन एका घराचं पाणी गाळतं. ज्यांना ते परवडत नाही, ते नळाचंच पाणी पितात.